प्रश्न एकोणिसावा

४ मे, मंगळवार, दुपार

ठमे,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच कचऱ्यात टाकशील, म्हणून पत्ता दवाखान्यात पुड्या बांधणाऱ्या बाईंकडून लिहून घेतला. फसवणूक आहे, मान्य. आता फोडलंच आहेस तर एक पान वाच.

आई सांगत होती, वीस तारखेला तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय. कुठल्या हॉस्पिटलात ते तिच्या लक्षात नाही. दुर्बिणीतून होणार आणि दोन दिवसांत घरी, एवढंच ती मला तीनतीनदा सांगते. खडे असतील तर काढावेच लागतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. गेल्या तीन वर्षांत तुझ्या कुठल्याच गोष्टीबद्दल मी काही म्हटलेलं नाही, हे तरी कबूल करशील.

फक्त एक काम कर. ऑपरेशनच्या आधी सकाळी आठ वाजता रक्त देऊन कॉर्टिसोल तपासून घे, सोबत थायरॉइड. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांग, "बाळंतपणात माझं खूप रक्त गेलं होतं." एवढं एकच वाक्य. का, ते आता विचारू नकोस. मोठ्या बहिणीचं ऐकायची सवय तुला कधीच नव्हती, पण या एका वेळी ऐक.

अजून थंडी वाजते का तुला? पाळी अजून एका दिवसात आटपते, की आता येतच नाही? कापड बेतताना उभी राहू शकतेस का, की बसूनच कापतेस? पिल्लू केवढं झालं?

उत्तर लिहायचं नसेल तर लिहू नकोस. तपासणी कर.

ताई

८ मे, शनिवार

ठमे,

कुरिअरची पोच आली. सही तुझ्या नवऱ्याची आहे, म्हणजे पत्र तुझ्या हातात पडलं की नाही ते देवाला ठाऊक. तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून काल त्यांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, आणि मग अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, आधी तुम्ही म्हणालात तिचं रक्त कमी आहे. मग म्हणालात पचन बिघडलंय. मग म्हणालात सगळं तिच्या मनात आहे. आता म्हणता मेंदूत आहे. खरं सांगू का, तिला जरा तुमच्यापासून बरं वाटू दे."

फोन ठेवला त्यांनी. मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण यादी अगदी बरोबर होती. तुझा नवरा विसरभोळा आहे असं मी इतकी वर्षं उगीच म्हणत आले.

म्हणून आता कारण सांगते.

माझ्याकडे फेब्रुवारीपासून एक बाई येत होती. गोदामात खोकी बांधते, वय चौतीस. पाळी कमी, नुसते डाग दिसतात, आणि अंगात त्राण नाही. अशा बाया आठवड्याला चार तरी येतात, तुला ठाऊक आहे. त्यातल्या निम्म्या सकाळपासून दुपारपर्यंत चहावर असतात, काही बारीक होण्याच्या नादात जेवण सोडून बसलेल्या असतात, काहींना झोप नाही. अन्नातून रस, रसातून रक्त, आणि त्यातून पाळी. मुळात रसच कमी तर पुढे येणार काय? मी त्यांना वेळेवर गरम जेवायला लावते, काळे तीळ देते, शतावरी देते, अंगाला तेल लावायला सांगते, रक्ताची तपासणी लिहून देते. तीन महिन्यांत बहुतेकींचे चेहरे बदलतात. ते खोटं नाही, ठमे, आणि ते मी आजही कुणापुढेही सांगेन.

हिलाही त्याच वाटेने नेलं. फरक पडेना. मी शतावरी वाढवली, कुमारी आसव जोडलं. हिच्या भुवया टोकाला गळल्या होत्या, आणि एप्रिलच्या उकाड्यातही ती पंख्याखालून उठून भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसायची. दिसत होतं मला. दिसणं आणि कळणं यात अंतर असतं, एवढंच.

दोन आठवड्यांपूर्वी तिने दाढ काढून घेतली. दुसऱ्या दिवशी थोडा ताप आणि उलट्या म्हणून माझ्याकडे आली, आणि त्याच बाकावरून खाली घसरली. हात गार, रक्तदाब मोजता येईना. गाडी बोलावून हॉस्पिटलात पाठवली. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा दुसऱ्या दिवशी फोन आला. मला वाटलं, आता झापणार. त्या म्हणाल्या, "तुमचा केसपेपर सोबत आला म्हणून ही बाई वाचली."

आपल्या बाबांनी आखलेला केसपेपर. एकतीस प्रश्नांचा. अठरावा, बाळंतपणात रक्त किती गेलं. एकोणिसावा, नंतर दूध आलं का. तिची उत्तरं मी तिच्याच शब्दांत लिहिली होती: "सहा बाटल्या रक्त चढवलं. दूध थेंबभर नाही आलं, सगळे म्हणाले पोरीचं नशीब."

डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, मी तुला सांगते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. बाळंतपणात फार रक्त गेलं तर कधीकधी तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती सुकते. दूध, पाळी, थायरॉइड, संकटात शरीराला तगवणारं कॉर्टिसोल, या सगळ्यांना हुकूम तिथूनच सुटतो. आधी दूध येत नाही. मग पाळी कमी होत जाते. बाई वर्षानुवर्षं नुसती थकलेली दिसते, गारठलेली दिसते, आणि कुणाला काही वाटत नाही. मग कधीतरी मोठा ताप येतो, किंवा ऑपरेशन होतं, आणि शरीराला ते झेपत नाही. आधी माहीत असेल तर साधी गोळी आणि वेळेवर एक इंजेक्शन पुरतं. माहीत नसेल तर माणूस टेबलावरून उठेलच असं नाही.

त्या माझ्या केसपेपरचं कौतुक करत होत्या आणि मला तुझी प्रसूतीची खोली दिसत होती. मी होते ना तिथे. बादली मी पाहिली आहे.

बारा दिवस आहेत. कॉर्टिसोल, सकाळी आठला. तुझ्या सर्जनला हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

ताई

१२ मे, बुधवार, सकाळ

ठमे,

मागचंही पत्र पोचलं. सही त्यांचीच.

तुझा जुना केसपेपर मी काढून पाहिला हे मागच्या पत्रात लिहिलं नाही. चार दिवस तो टेबलाच्या खणात आहे. खण उघडायचा झाला तर मी रबरी शिक्के वरच्या वर उचलते आणि पुन्हा बंद करते. आज लिहिते.

बाबांचा नियम तुला आठवतो का? तू कधी दवाखान्यात रमली नाहीस, कायम चिंध्या घेऊन बाहुल्यांचे झगे शिवत बसायचीस, पण हा नियम तर जेवतानासुद्धा ऐकवायचे ते. नाडीवर बोट ठेवण्याआधी एकतीस प्रश्न विचारायचे आणि उत्तर रोग्याच्या शब्दांतच लिहायचं. त्याचे शब्द बदलायचे नाहीत, त्याच्या वतीने बोलायचं नाही. गोदामातल्या बाईला मी पाऊण तास विचारत बसले होते. राजकारणी आला तरी मी त्याला एकतीस प्रश्न विचारीन.

तुला एकही विचारला नाही.

पिल्लू सात महिन्यांचं असताना तू दवाखान्यात आलीस, स्टुलावर बसलीस आणि म्हणालीस, "ताई, मला काहीतरी झालंय." मी म्हटलं, थांब, आधी समोरचे पेशंट काढते. तू गेल्यावर तुझा केसपेपर मी एकटीने भरला, संध्याकाळी दवाखाना आवरताना. घरच्याच माणसाला काय विचारायचं, सगळं माहीतच आहे, असं वाटलं मला. झोप: पहिल्यापासून जास्त. भूक: नखरे. स्वभाव: हट्टी. एकतीसच्या एकतीस रकाने दहा मिनिटांत.

अठराव्यात मी लिहिलंय, "थोडं जास्त." बादली पाहिलेल्या माणसाने लिहिलंय हे.

एकोणिसाव्यात लिहिलंय, "नाही. मनाची तयारी नाही. प्रयत्न कमी."

त्या कागदावर मी तुला सहा वर्षं औषध दिलं. पाळी यावी म्हणून रजःप्रवर्तनी दिली, शतावरी दिली, दर खेपेला तूप वाढवलं. ज्येष्ठमधाचं चूर्ण घेतलं की तुला बरं वाटायचं, आठवतं? मी पाठ थोपटून घ्यायची. डॉक्टरीणबाईंना परवा मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, ज्येष्ठमधाने शरीरातलं उरलंसुरलं कॉर्टिसोल कदाचित जास्त वेळ टिकत असेल, नक्की सांगता येणार नाही. म्हणजे मी ज्याला गुण म्हणत होते त्याने कदाचित आजार नुसता झाकून ठेवला. आणि तीन वर्षांपूर्वी तू माझ्याकडचं सगळंच बंद केलंस. त्यानंतर कशी आहेस, ते मला माहीत नाही.

दुसरं मूल का झालं नाही, हेही मी तुला कधी विचारलं नाही. मी धरून चालले की तुला नकोच आहे. आईलाही मीच तसं सांगितलं.

शास्त्राला बोल लावू नकोस. विचारा असं शास्त्र सांगतं, बाबाही तेच सांगायचे. विचारलं मी नाही.

आज तरी आठ दिवस हातात आहेत. मला शिव्या घाल, पण रक्त दे.

ताई

१६ मे, रविवार, दुपारचे सव्वादोन
तुझ्या घरासमोरचा बाक

ठमे,

वर बघ. म्हणजे, खाली बघ. खिडकी उघडलीस तर दिसेन. उघडणार नाहीस, माहीत आहे. एवढ्या उन्हात सगळ्या इमारतीत तुझीच खिडकी बंद आहे, आणि तुझ्या दोरीवर दोन स्वेटर वाळत आहेत. बाकीच्यांच्या दोऱ्यांवर गंजिफ्रॉक. ते स्वेटर बघून मी या बाकावर बसले आणि लिहायला घेतलं.

आईजवळ पुड्या बांधणाऱ्या बाई आहेत. सकाळच्या बसने आले. जिना चढून दार वाजवलं. तुझ्या नवऱ्याने दार उघडलं ते हातभरच. म्हणाले, "झोपली आहे ती." मी म्हटलं, दुपारी बारा वाजता? ते म्हणाले, "ती हल्ली कधीही झोपते. म्हणून तर ऑपरेशन करतोय, मग बरी होईल." मी म्हटलं, खड्यांमुळे नाही झोपत ती. पाकीट पुढे केलं. म्हणाले, "ऑपरेशन होऊ दे. मग मी स्वतः देतो तिला. आत्ता तिच्या डोक्याला ताप नको." आणि दार लावलं, हळू, तू जागी होऊ नयेस म्हणून. चांगला माणूस आहे, ठमे. चांगल्या माणसाशी भांडता येत नाही, हीच तर पंचाईत.

पाच वाजता ते पिल्लाला पोहण्याच्या वर्गातून आणायला खाली उतरतात, असं वॉचमन म्हणाला. तेव्हा पुन्हा देणार. या वेळी पाकीट उघडंच देणार आहे. आत या पत्रासोबत तीन कागद आहेत.

पहिला, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी. हा तुझ्या नवऱ्याने तुला दाखवला नाही तरी चालेल, पण हॉस्पिटलात द्यायचाच, असं मी त्यांचे पाय धरून सांगेन. खरंच धरेन, वॉचमनसमोर.

दुसरा, तुझा जुना केसपेपर. मूळ प्रत, माझ्या अक्षरातली, माझ्या सहीची. त्यांना मी एकोणिसाव्या प्रश्नावर बोट ठेवून वाचायला लावणार आहे. नवा आजार शोधणारी बाई स्वतःच्या विरुद्धचा पुरावा घेऊन बसने येत नाही, एवढं त्यांना कळेल. हा कागद तू कुठेही नेऊ शकतेस. माझा दवाखाना बंद करायचा असेल तर तेवढ्याने होईल.

आणि आता जे लिहायचं टाळत चार पत्रं काढली ते.

तीन वर्षांपूर्वीचं माझं व्याख्यान. विषय होता, बायकांची कमी पाळी आणि अंगातला थकवा. सभागृह भरलेलं होतं. तू येशील असं मला वाटलं नव्हतं, आणि तू तिसऱ्या रांगेत येऊन बसलीस, मे महिन्यात शाल घेऊन. मी तुला पाहिलं. तुला पाहूनही ते उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही, पण शेजारी आई होती, तुझ्या मैत्रिणी होत्या, कुणाला कळायचं राहिलं? मी म्हटलं, "ज्या बाईला आई होणं मनापासून नको असतं, तिचं शरीर ते ओळखतं. आधी दूध आटतं, मग पाळी." वाक्य छान जमलं होतं. आदल्या दिवशी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं मी.

तू उठून गेलीस. रागाने गेलीस, दाराला धडकून. मला वाटलं, जाऊ दे, खरं बोललं की लागतंच. मी पुढचा मुद्दा घेतला.

मला माफ कर असं म्हणायला मी बसने आलेले नाही. ते नंतर. आधी तू जिवंत राहा, मग जन्मभर बोलू नकोस माझ्याशी, मला चालेल. नाही, चालणार नाही, पण मी चालवून घेईन.

तिसरा कागद कोरा आहे. बाबांचे एकतीस प्रश्न. मी विचारायला हवे होते ते. भर किंवा फाड.

पाच वाजले. ते खाली येतायत.

ताई

२३ मे, रविवार

ताई,

फॉर्म भरून पाठवते आहे. माफ केलं असं समजू नकोस. प्रश्न चांगले आहेत, बाबांचे आहेत, म्हणून भरला.

हे त्या दिवशी पिल्लाला न घेताच वर परत आले. तो कागद घेऊन माझ्या पलंगाशी उभे राहिले आणि विचारलं, "तुझं रक्त किती गेलं होतं?" नऊ वर्षांत मला हे विचारणारे ते पहिले. पिल्लू अर्धा तास ओल्या टॉवेलात वाट बघत बसलं.

मंगळवारी सकाळी आठला रक्त दिलं. बुधवारी हॉस्पिटलातून फोन आला, त्याच दिवशी ऑपरेशन रद्द केलं आणि मला भरती करून घेतलं. कॉर्टिसोल जवळजवळ नाहीच. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. आधी कॉर्टिसोलची गोळी, थायरॉइडची त्यानंतर. खडे सहा आठवड्यांनी काढतील. त्या दिवशी पिल्लाजवळ कुणीतरी राहायला हवं. तुला विचारणार आहे, असं मी ह्यांना सांगितलंय.

सगळी उत्तरं तू फॉर्मवर वाचशीलच. काही इथे लिहिते, कारण रकाने लहान आहेत.

प्रश्न १, मुख्य तक्रार. थकवा. बटण लावायला सुईत दोरा ओवायचा तरी आधी बसावं लागतं. पाळी दोन वर्षांपासून नाही.

प्रश्न ७, झोप. पहिल्यापासून जास्त नव्हती. पहाटे उठून तुझे गणवेश मी इस्त्री करायची, ते तू विसरलीस.

प्रश्न १८. चादर दोनदा बदलली. मग मोजायचं बंद केलं त्यांनी. मला वाटलं मी मेले.

प्रश्न १९. नाही आलं. सतरा दिवस प्रयत्न केला. बाथरूमचा नळ सोडून, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये. दूध नको होतं असं नव्हतं. दुसरं मूलही हवं होतं.

मी ह्यांचे शर्ट बारा वर्षं शिवते आहे, ताई. अजून दर वेळी फीत घेऊन माप घेते. हे हसतात, म्हणतात, घरच्या माणसाचं माप पाठ नाही का तुला? पाठ आहे. पण माणूस बदलतो, म्हणून घ्यायचं असतं.

शेवटचा प्रश्न, ३१. आणखी काही सांगायचं आहे का?

आहे. त्या दिवशी मी रागाने उठले नव्हते. ते उदाहरण मी नीट ऐकलंसुद्धा नाही, मला नंतर आईने सांगितलं. राग तेव्हा आला. मी उठले कारण डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि तुझ्या कार्यक्रमात पडायचं नव्हतं मला. दाराला धडकले कारण दार दिसलं नाही. बाहेर जिन्यात बसले. आतून टाळ्या ऐकू आल्या. तू मला उठताना पाहिलं होतंस, म्हणून कार्यक्रम संपल्यावर तरी बघायला येशील असं वाटलं, आणि मी बराच वेळ तिथेच बसून राहिले.